चौदावा महिना

त्या दिवशी सण नव्हता, बाजार नव्हता, गावात कुणी मेलेही नव्हते. साक्रीच्या अलीकडे पांझरेकाठच्या एका गावात ताईबाई रोजच्यासारखी जात्यावर बसली, बाजरीची मूठ घातली आणि खुंटा ओढू लागली, तर पोट आडवे आले. ती मागे सरली, तिरपी बसली, एक पाय लांब केला. तरी खुंटा पोटाला घासायचाच. शेवटी दळण तसेच टाकून ती भिंतीला टेकली.

सासू धुरपदाबाई चूल पेटवत होती. तिने सुनेच्या पोटाकडे पाहिले, मग उठून दार लोटून घेतले. घरात पुरुषमाणूस नव्हते. तिचा मुलगा रुपचंद, म्हणजे ताईबाईचा नवरा, पटकीने जाऊन दोन वर्षे होऊन गेली होती. मागे राहिल्या दोन विधवा आणि रुपचंदची सहा वर्षांची पोर, पुष्पा.

"काय शे व हाई?" सासूने हळूच विचारले.

"माले काय ठाऊक, माय! पाच महिना व्हयनात, वाढीच ऱ्हायनं. दुखस बी."

आता पोट दुखते म्हटल्यावर माणसाला वैद्याकडे न्यावे, ही साधी रीत. पण विधवेच्या पोटाला ही रीत लागू नाही. ते पोट वैद्याआधी पंचांनी बघायचे असते. का, म्हणून विचारू नका. मीही विचारून थकलो आहे.

तर हे पंच कोण, ते ऐका. मुख्य लोटन नाना. गुरांचे व्यापारी, धिप्पाड देह, पांढरा फेटा, आणि डाव्या भुवईच्या टोकाला मोठ्या बोराएवढा आवाळू. जन्मापासूनचा. 'त्यात लक्ष्मी राहते,' असे त्यांच्या आईने सांगून ठेवले होते आणि नानांनी ते साठ वर्षे इमानेइतबारे मानले. न्याय देताना नाना त्या आवाळूवरून अंगठा फिरवीत. अंगठा थांबला की निकाल लागला. एवढ्या सामग्रीवर गावाचा न्याय चालला होता.

बाकीचे चौघे मान डोलवायला. त्यांत एक वना आबा, वाळकुडा म्हातारा. गेल्या नऊ वर्षांत पंचायतीत त्याने शब्द काढला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या विधवा मुलीचे पोट असेच वाढले, ह्याच पंचांनी तिला गावाबाहेर काढले, आणि पुढे ती विहिरीत सापडली. बाप असून वना आबाने त्याही वेळी मान डोलवली होती.

मारुतीपुढच्या निंबाखाली पंच बसले. ताईबाई समोर उभी. पुष्पा तिच्या लुगड्याला धरून.

"नाव सांग," लोटन नाना म्हणाले. "कोनं शे?"

"कोनंच नई, नाना. पोर नई शे हाई. माले रोग व्हयेल शे."

"रोग!" नानांनी बाकीच्यांकडे पाहून डोळे मिचकावले. "रोग बरा पोटमाच बठना! नाक शे, कान शे, तठे जागा नई भेटनी त्याले?"

पंच खदखदून हसले. वा, काय विनोद! एका बाईच्या जिवाची शोभा चालली होती आणि चार म्हातारे मांडीवर थापा मारत होते.

इतक्यात न बोलावता हसीनाबी पुढे आली. नूर महंमद पिंजाऱ्याची बायको, गावची सुईण. निम्मे गाव, खुद्द नानांची पाचही मुले, तिच्याच हातावर जन्मलेली.

"नाना, मी हात लाईसन देखं," ती म्हणाली. "पोर आतमा हालस, पाय मारस. हाई हालत नई. गाठ शे ही. तिले धुयाले, दवाखानामा लई जा."

"तू पिंजारीन. आम्हना जातना न्याय तुले काय समजस?"

पोटातले मूल ओळखायला जात लागते, हे हसीनाबीला तीस वर्षांत ठाऊक नव्हते. तिने कपाळावर हात मारला आणि बाजूला झाली.

नानांचा अंगठा थांबला. ताईबाईने गावाबाहेरच्या खळ्यात, झोपडीत राहायचे. पोर जन्मले की त्याच्या तोंडवळ्यावरून बाप ओळखू. तोवर पुष्पा आजीजवळ. आईला शिवली तर तीही जातीबाहेर, मग तिला कोण करून घेतो ते बघू. भाईदास नावाचा पंच उठला आणि त्याने लुगड्यावरची पोरीची बोटे एकेक करून सोडवली. पोर किंचाळत होती. वना आबा जमिनीकडे बघत होता.

मग गाव वाट पाहू लागले. नववा महिना आला नि गेला. दहावा गेला. लोक कुजबुजू लागले, तशी नानांनी आपली विद्या काढली.

"घोडीले अकरा महिना लागतस," ते म्हणाले.

अकरावा संपला. बारावाही संपला. "उंटीनले तेरा लागतस," नाना म्हणाले, आणि जाणत्या माणसाचा शब्द म्हणून गावाने तोही ऐकून घेतला. चौदाव्या महिन्यात नानांजवळची जनावरे संपली. तेव्हा ते म्हणाले, "पापना गर्भ शे. त्याले येळ लागस." 'चुकलो' एवढा एक शब्द काही त्या पाच तोंडांतून निघाला नाही. शरम तरी किती महिन्यांनी जन्मते, कोण जाणे.

तिकडे खळ्यात ताईबाईचे हातपाय काटकीसारखे झाले होते आणि पोट मात्र गुडघ्यांवर येऊन टेकले होते. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून ती मेढीला टेकून बसल्याबसल्याच झोपायची. धुरपदाबाई रोज दुपारी कुंपणापलीकडे दगडावर कळण्याची भाकर ठेवून जायची. एके दिवशी पुष्पा तिच्या मागोमाग आली आणि काट्यांच्या पलीकडे उभी राहिली.

"माय, तू घर कव्हय येशी?"

"हाई पोट उतरनं का येसू, बेटा."

"कव्हय उतरी?"

ताईबाईला बोलायला दम पुरेना. तिचे ओठ निळे पडलेले धुरपदाबाईने पाहिले. ती भाकर हातात तशीच घेऊन परत फिरली आणि थेट हसीनाबीच्या दारात जाऊन उभी राहिली. पंचांना विचारायला गेली नाही. चौदा महिन्यांत हसीनाबीनंतर त्या गावात कुणाला अक्कल सुचली, तर ती एका अडाणी म्हातारीला.

नूर महंमदने कापसाची गाडी रिकामी केली. साक्रीपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. धुळ्यात बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथे मुंबईहून शिकून आलेल्या मंजुळाबाई डॉक्टरीण होत्या. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. त्यांनी ताईबाईला टेबलावर निजवले. मधोमध बोटे वाजवली तर आवाज बद्द, कुशीला वाजवली तर पोकळ. पोटात पाणी असते तर ह्याच्या उलट आवाज आला असता. नळी लावून मुलाचे ठोके ऐकले. कुठेच नव्हते.

"किती महिने?"

"चौदा," धुरपदाबाई म्हणाली.

"चौदा! आणि कुणालाच शंका आली नाही?"

"माले उनी व्हती," हसीनाबी म्हणाली. "पन माले कोन इचारस!"

"बीजकोशाची गाठ आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "आज नाही काढली तर आठवडाभरात श्वास कोंडून जाईल. काढताना जीव जाऊ शकतो, तेही सांगून ठेवते. बोला."

धुरपदाबाई म्हणाली, "तिले इचारा ना."

ताईबाईने मान हलवली. चौदा महिन्यांत तिचे मत कुणी विचारले असेल तर ते इतकेच.

क्लोरोफॉर्म दिला. दोनदा नाडी बुडाली, दोनदा वर आली. गाठ निघाली बावीस पौंडांची. मंजुळाबाईंनी ती परातीत कापून उघडली, तर आत पिवळी चरबी, तिच्यात लांब केसांचा गुंता, आणि हाडाच्या एका तुकड्यावर तीन दात. हसीनाबीने "या अल्ला" म्हणून पदर तोंडाला लावला.

"घाबरू नका," मंजुळाबाई म्हणाल्या. "क्वचित दिसते, पण दिसते. माणूस आईच्या पोटात घडत असताना कातडीचा, केसांचा थोडा अंश चुकीच्या जागी अडकून राहतो आणि पुढे तिथेच वाढतो. ह्याला बाप लागत नाही. लहान पोरींत निघते, पुरुषांतही निघते."

शिकलेल्या माणसांची एक खोड असते. पुरावा समोर ठेवला की लोक मानतात, असे त्यांना वाटते. मंजुळाबाईंनी ते केस आणि दात काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये घालून ठेवले. सहा आठवड्यांनी ताईबाई चालू लागली, तेव्हा त्या बरणी घेऊन स्वतःच तिच्याबरोबर गावात आल्या.

निंबाखाली पंच बसले. सारे गाव लोटले. पुष्पाला आजीने घट्ट धरून ठेवले होते, कारण निकाल लागायचा होता. बरणी नानांच्या हातात गेली. नानांनी ती उन्हात धरली, फिरवली, आणि त्यांचे तोंड उजळले.

"केस शेत," ते म्हणाले. "दात शेत. आते आनखी काय पाहिजे? पोरच शे हाई! डाक्टरीननी कापीसन काढं!"

"बठ्ठा गावनी देखं!" भाईदास ओरडला.

चौदा महिने जे पोर जन्मले नव्हते ते नानांना बरणीत सापडले. मंजुळाबाई समजावू लागल्या: हात नाहीत, पाय नाहीत, डोके नाही, नाळ नाही, हे कुमारिकेतही होते, पुरुषातही होते.

"पुरुषले पोर!" नाना पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांचा अंगठा सवयीने भुवईकडे गेला.

मंजुळाबाईंची नजर त्या आवाळूवर गेली. त्या जवळ गेल्या. "हे केव्हापासून आहे?"

"जलमपाइन. लक्ष्मी शे ती."

त्यांनी न विचारताच तो आवाळू चिमटीत धरून पाहिला. मऊ होता, वरची कातडी त्यावरून सरकत होती. "भुवईच्या टोकाला, जन्मापासूनचा. नाना, ही त्याच जातकुळीची गाठ आहे. हिच्यातही अशीच चरबी आणि असेच केस असतात." त्यांनी पिशवी उघडून चाकू बाहेर काढला. "दहा मिनिटांचे काम. सगळ्यांच्या देखत कापते. केस निघाले नाहीत, तर ताईबाईला मी परत घेऊन जाते. बसा."

नानांनी दोन्ही हातांनी भुवई झाकली. न्यायाचा तो धिप्पाड देह बाजेवर मागे मागे सरकू लागला. "नको, नको! लक्ष्मी जाई मनी!"

तेव्हा ताईबाई पुढे झाली. तिचा आवाज अजून बारीक होता, पण निंबाखाली सगळ्यांना ऐकू गेला.

"नाव सांगा, नाना," ती म्हणाली. "कोनं शे?"

आधी बायका हसल्या. मग सारे गाव हसले. नाना फेटा सावरीत म्हणाले, "बरं. झालं ते झालं. डाळबट्टीनं जेवन दे जातले, मंग घेसूत तुले."

एवढे होऊनही बट्टी! पोटाच्या न्यायाला बसलेल्या माणसांना शेवटी आठवले तेही स्वतःचेच पोट. धुरपदाबाई उसळली. "गुन्हा कोना शे? मंग बट्टी कोन देई? मना चुल्हावर तुम्हनासाठे गोवरी बी जयावनार नई!" आणि तिने पुष्पाचा हात सोडून दिला. पोर धावत गेली. जवळ गेल्यावर तिने आधी आईचे पोट हाताने चाचपून पाहिले. उतरले होते. मग ती बिलगली.

नाना काही बोलणार, तोच पंचांतून वना आबा उठला. नऊ वर्षांनी तो बोलला, आणि तोही नानांशी नव्हे.

"डाक्टरीनबाई," तो म्हणाला, "मनी आंडेरले अकरावा महिना व्हता. आम्ही नाव इचारं. ती सांगे, कोनं नई, आबा, कोनं नई. मंग हीरमा उडी टाकी तिनी." त्याचा हात बरणीकडे गेला. "तिना पोटमा बी हाईच व्हतं का?"

मंजुळाबाईंच्या तोंडचा फटकळपणा गेला. "मी तिला पाहिले नाही, आबा," त्या म्हणाल्या. "कुणीतरी दाखवायला हवी होती."

वना आबाने मान डोलवली. मग तो कुणाकडेही न बघता खळ्याकडे चालू लागला. त्याने झोपडीचा कूड एकट्याने ओढून पाडला, मेढी उपटली. हात रक्ताळले तरी थांबला नाही. त्याला अडवायला एकही पंच पुढे झाला नाही.

लोटन नाना हल्ली फेटा भुवईखाली ओढून बांधतात. त्यांना हसून झाले असेल, तर वाचकहो, एक सांगा. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या विधवेचे पोट वाढले, तर तुम्ही आधी गाडी जुंपाल की महिने मोजाल? नानांना चौदा महिने माना डोलवणारे मिळाले, म्हणून ते नाना झाले. ते डोलवणारे कुठून आले, ते मी सांगायला नको.

आणि वना आबाच्या मुलीचे नाव जमनी होते. दुसऱ्याचे नाव सांग म्हणून मरेपर्यंत जिला छळले, तिचे स्वतःचे नाव त्या गावात नऊ वर्षे कुणी घेतले नव्हते. म्हणून ते इथे लिहून ठेवले.