कोरी चादर

त्या वृद्धाश्रमात मदतनीस बायकांची किंमत चादरीवरून ठरायची. सकाळी कोणाच्या वॉर्डातल्या किती चादरी ओल्या निघाल्या, याची चर्चा पहिल्या चहाच्या आधी व्हायची. दुपारपाळीच्या मावशीची कॉलर मात्र हल्ली ताठ होती. तिच्या वॉर्डातल्या शिंपी मास्तरांची चादर पूर्वी रोज ओली असायची, ती आता कोरडी, अगदी कोरी निघत होती.

"जादू केलीस की काय गं?" सकाळपाळीची बाई विचारायची. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती कधी बंद व्हायची नाही. पूर्वी हीच रेडिओ चादर उचलून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडायची, "मास्तरांनी आज पुन्हा तळं केलं!"

जादू कसली डोंबलाची! मास्तरांनी जन्मभर कोट शिवले होते. कापडावर डाग पडलेला त्यांना खपायचा नाही. एके दिवशी त्यांनी मावशीचा हात धरला. "दुपारनंतर मला पाणी देऊ नकोस. आणि कोणाला सांगू नकोस. माझ्या लेकीला तर मुळीच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मावशीला गलबलून आलं आणि तिने शब्द दिला. आधी पाणी गेलं, मग संध्याकाळचं सूप गेलं, पुढे संत्र्याच्या फोडीही गेल्या. म्हाताऱ्या माणसांना तहान नीट कळत नाही, त्यांनी मागायची वाट बघायची नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं ती विसरली होती असं नाही. पण प्रशिक्षणात कोणी तिचा हात धरून रडलं नव्हतं.

मग मास्तरांची तब्येत बिघडत गेली. घास तोंडात तसाच धरून बसायचे. मावशीला आपली वारलेली बहीण समजून हाका मारायचे. लेक भेटायला आली, तर तिला म्हणाले, "बाई, माप उद्या घेतो." ती बिचारी जिन्यात जाऊन रडली.

"वयाने डोकं गेलं त्यांचं," सिस्टर म्हणाली. "उद्या वर हलवू."

वर म्हणजे कुलपातला मजला. तिथून कोणी परत खाली आलेलं मावशीने पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी भरवताना तिला मास्तरांची जीभ दिसली, कोरडी ठाक, भेगा पडलेली. लघवीचं भांडं उचललं, तर तळाशी जेमतेम होती, तीही गडद तपकिरी. डोकंबिकं काही गेलं नव्हतं. माणूस पाण्यावाचून आतून वाळत होता, आणि त्याला वाळवत होती ती स्वतः.

बोलावं तर नोकरीवर गदा येणार आणि शब्दही मोडणार. गप्प बसावं तर मास्तर वर जाणार. ती तशीच सिस्टरच्या खोलीत गेली. लेक तिथेच वर हलवायच्या कागदावर सही करायला बसली होती. मावशीने तिच्यासमोरच सगळं सांगून टाकलं.

"अक्कल गहाण टाकली होतीस?" सिस्टर कडाडली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

"बाबांनी मला का नाही सांगितलं?" लेक एवढंच म्हणाली.

सलाइन लागलं. हळूहळू मास्तर माणसांत आले. एका सकाळी लेकीकडे बघून म्हणाले, "तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय." लेकीला हसावं की रडावं कळेना. वर हलवायचं रद्द झालं. आनंदाच्या भरात ती बोलून गेली, "त्यात लाज कसली, बाबा? बरं झालं, मावशींनी सांगितलं!"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं.

ताकिदीवर सुटलेली मावशी दुपारी कामावर आली, ती ग्लास घेऊन थेट त्यांच्याजवळ बसली. "मास्तर, दोन घोट."

"ठेव तिथे."

ठेवलेला ग्लास कोणी पीत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुन्हा ग्लास पुढे केला. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

रेडिओ घरी निघाली होती, पर्स खांद्याला लावून. ती दारातूनच ओरडली, "काय मास्तर, रुसलात? प्या गुपचूप! तळं झालं तर झालं, चादरी काय कमी पडल्यात का?" आत येऊन तिने मावशीच्या हातातला ग्लास घेतला. मास्तर तिच्या हातून प्यायले, थांबत थांबत, पण सगळं प्यायले. रेडिओने त्यांची थट्टा केली होती, पण शब्द कधी दिला नव्हता.

हनुवटीवरून ओघळ आला. मावशीने टिपायला रुमाल पुढे केला. मास्तरांनी तिचा हात बाजूला सारला आणि बाहीने तोंड पुसलं, कापडावर डाग पडेल याचीही पर्वा न करता.

ग्लास पूर्ण रिकामा झाला होता. ते बघून मावशीला बरं वाटायला हवं होतं. तिला तसं वाटेना.