दुपारचा बर्फ

अवं, बाकीचं राहू दे, आधी हे आयक! मोनाली भर उन्हात अकोल्याच्या त्या ट्रॅफिकमधून स्कुटी दामटत घरी निघाली होती, अन् डोक्यात एकच: सासूचा टोंगळा, म्हंजे गुडघा!

सासूचा, पार्वताबाईचा, टोंगळा ऑपरेशन करून बदलला ना, तवापासून पायावर सूज. सकाळ-संध्याकाळ मोनाली बर्फ लावे. पण डॉक्टर म्हणे, दुपारीबी लावा, सूज उतरल्याबिगर पाय वाकणार नाही. अन् दुपारी घरात कोण? सासरे, खुशालराव.

"मी लावतो ना," ते म्हणाले होते.

"काही गरज नाही! नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावावा? मले पापात पाडता का?"

"अवं, पाय नाही, टोंगळा हाये."

"टोंगळा काय डोक्यावर असते?"

झालं! रोज जेवणाच्या सुट्टीत मोनाली साडीच्या दुकानातून घरी पळे. डबा तसाच वापस, मालकाचं तोंड वाकडं. त्या दिवशी तं गिऱ्हाईक उठताच उठेना. ही घरी पोचली ते हेच म्हणत, आज सूज डबल झाली असन. चपला हातात घेतल्या, म्हटलं सासूचा डोळा लागला असन, अन् दार हळूच लोटलं.

तं काय! खुशालराव खाली फरशीवर बसलेले. टॉवेलात बर्फ गुंडाळून बायकोच्या टोंगळ्यावर धरलेला. अन् पार्वताबाईनं पदर तोंडावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतलेला. आपण पाहिलंच नाही म्हणजे झालंच नाही!

"दाबू नोका. जरा खाली. हां, तिथीच."

"लागलं का पाप?"

"गप बसा. थंडगार लागून राहिलं." अन् पदराच्या आतून खुदकन हासली.

"कालच्यापेक्षा सूज उतरली बरं. वाकवून पाहा."

पार्वताबाईनं दात आवळले, टाच मागं ओढली. अजून जराशी. अजून.

"वाकला! अवं, वाकला न तुया पाय!" म्हातारा लहान पोरावानी ओरडला.

"हळू! सुनबाई यायची येळ झाली. अन् तिले काही सांगू नोका."

"मी कायले सांगू? मंग उद्या मले कोण लावू देईन?"

दाराशी मोनालीच्या डोळ्यात पाणी, तोंडावर हासू, हातात चपला. धावत जाऊन सासूले मिठी मारावी, का आल्या पावली दुकानात जाऊन निवांत डबा खावा?

सांग बरं, तू असती तं काय केलं असतं?