एकदाच दाबा, काका

बायकोचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मला घरून काम करायची परवानगी मिळाली, तीही आजच्यापुरती. पानं लावायचा प्रोग्रॅम छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालणार, त्याचं चित्र माझ्या लॅपटॉपवर दिसणार. हे जमलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आमचं इंटरनेट रडतखडत चालतं. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं. तरी संध्याकाळपर्यंत पुस्तक होत आलं. मधलं एक कोरं पान तेवढं काढायचं राहिलं. बटण दाबलं. काहीच हललं नाही. खरंच दाबलं का आपण? कडी लावल्यावरही मी दोनदा परत जाऊन बघतो. पुन्हा दाबलं. खात्रीसाठी आणखी एकदा.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. छापखान्यातली ऑपरेटर होती.

"काका, कोऱ्या पानापुढची पानंही उडतायत इथे!"

"माझ्याकडे तर कोरं पानसुद्धा जागेवर आहे."

"ते मघाचं चित्र! तुमचं प्रत्येक दाबणं इथे उशिरा पोचतंय, पण पोचतंय. हात काढा आधी."

तिने पानं परत आणली. मग हळू आवाजात म्हणाली, "मालक मागेच उभे आहेत. आता तुम्हीच करा. चित्रातले रंग बंद केलेत, म्हणजे ते जरा लवकर पोचेल. एकदाच दाबा आणि थांबा."

"यांना एकदा पुरतंय होय?" पलंगावरून बायको म्हणाली. "मी लग्नाला होकार दिला, तर आठवडाभर रोज विचारायला यायचे, नक्की ना म्हणून."

फोनमध्ये हसू फुटलं. माझे कान तापले. लॅपटॉप घेऊन मी पलंगाशी बसलो आणि बटण दाबलं. करडं चित्र ढिम्म. बोट पुन्हा वळवळू लागलं.

"द्या तो हात इकडे," म्हणत बायकोने माझा हात ओढून घट्ट धरला.

"पोचलं नसेल तर?"

"गप्प बसा."

एक पट्टी उतरली. मग दुसरी. कोरं पान गेलं होतं, पुढचं प्रत्येक पान जागेवर होतं.

"झालं, काका," ऑपरेटर म्हणाली. "मालक विचारतायत, पुढचं पुस्तकही घरूनच कराल का?"

बायकोने हात अजून सोडला नव्हता.

"हो," मी म्हणालो. एकदाच.