याने मेलं कोण?

कुठल्याही म्युझियमात तलवार दिसली की कलाबाई एकच प्रश्न विचारायची, आणि तो ऐकून तिथल्या माणसाची पाचावर धारण बसायची.

"हाई तलवारघाई मरनं कोन?" या तलवारीने मेलं कोण?

"राजाची तलवार आहे, माँजी," तो सांगायचा.

"राजानी शे, हाई माले समजनं. मरनं कोन?"

तलवार कुणाची, मूठ कसली, पातं कुठलं, सगळं पाटीवर लिहिलेलं. ज्याच्या पोटात ती गेली त्याचं नाव कुठेच नाही. मी मोठ्याने हसायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सुरतेतल्या आमच्या कोसाडच्या वसाहतीत विशाखा नावाची एक शिक्षिका राहते. तिचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. खानदेशातून इथे राबायला आलेल्या आपल्या लोकांचाही इतिहास एका खोलीत मांडायचा, असं तिने मनावर घेतलं आणि मंडळ काढलं. मांडायचं कसं ते कळावं म्हणून दर रविवारी ती आम्हा आठ-दहा म्हाताऱ्यांना टेम्पोत कोंबून आसपासची छोटी म्युझियमं दाखवायला न्यायची. एकीकडे पेंढा भरलेला बिबट्या, दुसरीकडे, हजीरा बंदराच्या बाजूला, गंजका तोफगोळा. कलाबाई सगळीकडे तेच विचारायची.

कलाबाईचा नवरा वाल्मिक सव्वीस वर्षांपूर्वी मेला. दारू पिऊन खात्याच्या जिन्यावरून पडला, असं सगळी वसाहत सांगते. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर पुजतो, त्याला जेवू घालतो. कलाबाईने रागापायी वाल्मिकच्या नावाने घागर कधी भरलीच नाही. "दारूड्याले पानी कसाले?" म्हणायची. पोरीला, सोनालीला, लोक दारूड्याची पोर म्हणूनच ओळखत. आणि वाल्मिक त्या दिवशी प्यायलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी हिलाल, त्याच खात्यातला मास्तर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. सव्वीस वर्षं शेजारी राहून, तिच्या हातचा चहा पिऊन, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला.

पाचव्या रविवारी आम्ही पर्वत पाटियाजवळच्या नव्या म्युझियमात गेलो. लूममालकांच्या एका मंडळाने ते बांधलेलं. गार हवा, चकचकीत फरशी, मधोमध हिरवा रंग दिलेला एक जुना लूम, त्याला झेंडूचा हार. बाजूला पांढऱ्या कपड्यांत मगनशेठ उभा. माझाच जुना शेठ. त्याने मला ओळखलं नाही. मी मात्र आधी लूम ओळखला, मग त्याला.

आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा बाहेर उडू नये म्हणून लूमला पुढून एक लोखंडी सळई असते, गार्ड म्हणतात तिला. या लूमचा गार्ड वर उचलून तारेने बांधून टाकलेला होता. तारेला तीन वेढे, टोक आत वळवलेलं, कारागिराच्या बोटाला लागू नये म्हणून. ती गाठ माझी. बोटाची एवढी काळजी करणारा मी, डोक्याची केली नाही.

गार्ड खाली असला की धागा जोडताना दर वेळी तो उचलावा लागतो, वेळ जातो. शेठ म्हणाला, बांध. मी बांधला. तिसऱ्या दिवशी भरदुपारी, बाकीचे कारागीर जेवायला गेलेले असताना, धोटा उडाला. लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. शेजारच्या लूमवर वाकलेल्या वाल्मिकच्या कानशिलात तो बोटभर घुसला. वाल्मिक क्षणभर उभाच राहिला, माझ्याकडे बघत. मग कोसळला. मी धोटा उपसला तर कोंबडं कापल्यासारखी चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली.

शेठ म्हणाला, तार तुझी, गाठ तुझी, फासावर तू जाशील. गुजरातेत दारूबंदी. दारू पिऊन मेलेल्याची बायको पोलिसात जात नाही, तोंड लपवते, हे त्याला पक्कं माहीत. त्याने देशी दारूची पोटली मागवली. आम्ही दोघांनी वाल्मिकला पाय धरून जिन्याखाली ओढलं. जखम पडल्याची वाटावी म्हणून शेठने त्याचं डोकं पायरीच्या कडेवर तीनदा आपटलं. मी त्याचे दात उघडून दारू ओतली. त्याचं तोंड अजून गरम होतं.

आता तोच शेठ भिंतीवरची पाटी दाखवून पाहुण्यांना सांगत होता, "चालीस वरसमां एक पण अकस्मात नथी थयो!" चाळीस वर्षांत एकही अपघात नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कलाबाई लूमच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, धोट्याच्या अगदी रेषेत. सवयीप्रमाणे तिने विचारलं, "हाऊ लूमघाई कोन मरनं?"

सगळे हसले. शेठही हसला आणि लूम चालू करून दाखवायला त्याने बटणावर बोट ठेवलं.

"वाल्मिक!" मी ओरडलो.

कलाबाईला बाजूला ढकललं आणि शेठच्या कानफटात अशी ठेवून दिली की चष्मा फुटून काच त्याच्या गालात घुसली. दोन वॉचमन धावले. पहिलं दांडकं माझ्या गुडघ्यावर बसलं, दुसरं पाठीत. मी पडलो तसे बुटांनी तुडवायला लागले. माझी बरगडी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. विशाखा "मारू नका" म्हणत मध्ये पडली तर तिलाही ढकललं, ती काचेच्या कपाटावर आदळली आणि तिचा हात कोपरापर्यंत फाटला.

गाल धरून शेठ किंचाळला, "बेवडो हतो वाल्मिक! दारू पीने मर्यो हतो!"

मी नुसतं वाल्मिक म्हणालो होतो. कोण वाल्मिक, कसा मेला, दारू, यातलं काहीच कुणी बोललं नव्हतं. कलाबाईला गुजराती चांगलं कळतं. ती सरळ माझ्याजवळ आली. वॉचमनांची दांडकी हवेतच राहिली.

"हिलालभाऊ, मना मानूस दारू पेल व्हता का नही?"

"नव्हता, वहिनी."

"मंग वास कसाना व्हता?"

मी सगळं सांगितलं. तार, धोटा, जिना, पायरी. दारू माझ्या हाताने ओतली हेही सांगितलं. फरशीवर पडल्या पडल्या, तोंडातलं रक्त गिळत. वाटलं, ती रडेल.

ती लूमकडे गेली. धोटा उपसून काढला. परत आली आणि माझ्या तोंडावर मारला. समोरचे दोन दात जागेवर गेले. दुसरा फटका गालाच्या हाडावर, तिसरा पुन्हा तोंडावर.

"सव्वीस वरीस मना हातना चहा पिधा तू!" प्रत्येक फटक्याला ती तेच म्हणत होती. मी हात वर केला नाही. वॉचमन बघत उभे राहिले. त्यांचं काम आता दुसरंच कुणीतरी करत होतं.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. मी तिथे सगळं लिहून दिलं आणि सही केली. माझं काय व्हायचं ते होईल. तार पोलिसांनी नेली. धोटा मात्र कलाबाईने पदरात गुंडाळून बाहेर काढला आणि कुणाला दिला नाही. विशाखाच्या म्युझियमच्या खोलीतली पहिली वस्तू तोच. टाके घातलेल्या हाताने विशाखाने पाटी लिहिली: याने वाल्मिक मेला. त्याखाली कलाबाईने माझं नाव लिहायला लावलं, शेठचंही.

आखाजी आली. दुपारी सोनाली माझ्या दारात उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई बोलावते."

मी काठी टेकत गेलो. उंबऱ्याशी थांबलो. आत पाटावर नवी कोरी घागर, वर खरबूज आणि सांजोऱ्या, पुढे वाढलेलं ताट. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. कलाबाईने मला बस म्हटलं नाही, चहा तर नाहीच. घागरीकडे बोट दाखवलं.

"माले सांगी दिधं. आते त्याले सांग."

मी घागरीपुढे गुडघे टेकले. मोडलेल्या दातांतून शब्द नीट निघत नव्हते. वाल्मिक, ती तार मी बांधली, असं म्हणून मी पहिल्यापासून सांगायला लागलो.