आवाजाच्या आधी

मार्गशीर्ष लागला की माळावरचं गवत पिकून सोनसळी होतं. वारा त्याच्यावरून हात फिरवतो, जसा निजलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा. आभाळ निळं, निष्कलंक, निष्ठुर. दूर सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक विरत गेलेल्या. पहिली हिरवी, दुसरी जांभळी, तिसरी नुसता निःश्वास.

शहराबाहेरच्या त्या माळाच्या टोकाला रायफल क्लबची चांदमारी होती. तीनशे मीटरवर मातीचा उंच बांध, बांधापुढे कागदाची शुभ्र लक्ष्यं, आणि अलीकडे सतरंजीवर पालथे पडलेले डॉक्टर भगवंतराव तारळेकर. वय चौऱ्याहत्तर. गुरांचे डॉक्टर म्हणून उभी हयात डोंगरवाड्यांतून गेलेली. हात आता कापत असत. पण बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकला की तो कंप कुठे विरून जाई, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

त्यांच्या तळव्यावर काडतूस होतं. थर्टी-ओ-सिक्स. पितळी देहाचं, उतरत्या खांद्यांचं, लांब मानेचं. उन्हात धरलं तर समईसारखं झळाळणारं. शतक सरत आलं होतं त्याच्या जन्माला. किती नवी आली, किती गाजली, किती विसरली गेली. हे जिथल्या तिथं राहिलं. युद्धांच्या चिखलात हेच, रानाच्या धुक्यात हेच. सांबरासाठी हेच आणि कागदासाठीही हेच. 'हे काडतूस दिला शब्द मोडत नाही,' असं डॉक्टर तरुणपणी म्हणत. जिथे बघाल, तिथे ते जातं.

आणि तिथे थांबत नाही. हे वाक्य ते तरुणपणी म्हणत नसत.

पस्तीस वर्षांपूर्वी शिकारीचे परवाने मिळत. डॉक्टरांचा वाटाड्या होता धुळाप्पा येडगे, वरच्या धनगरवाड्यातला. त्याच्या म्हशीच्या पोटात आडवं आलेलं रेडकू डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून फिरवलं होतं, तेव्हापासूनची मैत्री. काळा, काटक, मितभाषी माणूस. दवावरचा खूर बघून जनावर नर की मादी, भुकेलं की भ्यालेलं, ते सांगे. या काडतुसावर त्याचाही जीव. उडालेली रिकामी पुंगळी ओठाला लावून तो फुंकर मारी, आणि त्या शिट्टीला त्याच्या शेळ्या कानात वारं भरल्यासारख्या धावत येत.

ती पहाट दुधाळ होती. कारवीच्या रानावर धुकं अडकलेलं. धुळाप्पानं खालच्या घळीत थांबायचं, बार झाल्याशिवाय वर यायचं नाही, असं ठरलेलं. सांबर निघालं, धीरोदात्त, धूम्रवर्ण, शिंगांवर दव घेऊन. एकशेवीस पावलांवर आडवं उभं राहिलं. डॉक्टरांनी श्वास अर्धा सोडला, अर्धा धरला.

बार झाला. सांबर गुडघ्यांवर आलं. आणि त्याच्या मागे, चाळीस पावलांवर, कारवीचं एक झुडूप हललं, जे हलायला नको होतं.

गोळी सांबराच्या आरपार गेली होती. धुळाप्पा बाराआधीच घळीतून वर का आला, ते कुणालाच कळलं नाही. चौकशी झाली, पंचनामा झाला. अपघात, असा शेरा पडला. बंदूक परत मिळाली. डॉक्टरांनी ती कपाटात ठेवली आणि रानाकडे पाठ फिरवली, ती कायमची.

पण तिसऱ्या वर्षी एका रविवारी त्यांचा हात आपोआप कपाटाकडे गेला. रान नाही, जनावर नाही. फक्त कागद, आणि कागदामागे मातीचा बांध, ज्याच्यामागे कुणी उभं राहू शकत नाही. खांद्याला बसलेला तो ओळखीचा धक्का. तो दारूचा उग्र, उष्ण, उत्कट वास. त्यांना स्वतःची किळस आली, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. जिनं घर जाळलं तिच्याकडेच चोरपावलांनी जावं, तसे ते येत राहिले. रविवारमागून रविवार. वर्षामागून वर्ष.

आणि दर महिन्याला ते धनगरवाडा चढत. धुळाप्पाची बायको ठकूबाई, तिच्या म्हशी तपासत, शेळ्यांना लस टोचत, तिच्या हातचं ताक पीत. त्या पहाटेबद्दल ती कधी बोलली नाही, ते कधी बोलले नाहीत. दोघांच्या मध्ये पितळी भांडं असे, ताक असे, आणि धुकं असे. बंदूक अजून घरात आहे, हे मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

त्या रविवारी डॉक्टरांनी पाचवा बार उडवला, मान वळवली, आणि चांदमारीच्या दोरीपलीकडे ठकूबाई उभी होती.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती भाच्याकडे शहरात आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. माळावरून आलेला आवाज तिनं ऐकला आणि आवाजाच्या मागे चालत आली; अनवाणी, एका डोळ्यानं वाट चाचपत.

डॉक्टर उठले. गुडघ्यांची माती झटकायचंही भान राहिलं नाही. चोरी करताना आईनं पाहावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"वहिनी..."

तिनं हात पुढे केला. त्यांनी उरलेलं काडतूस तिच्या तळव्यावर ठेवलं. म्हशींच्या कासांनी, शेळ्यांच्या दाव्यांनी घट्टे पडलेला तो तळवा. त्यावर ते पितळ फार कोवळं दिसलं, फार निरागस.

"ह्येच व्हय त्ये?"

"हेच. हीच जात."

"आजून आवडतंय तुमास्नी?"

खोटं बोलणं सोपं होतं. वारा पडला होता. "आवडतं, वहिनी. लाज वाटते. पण आवडतं."

"त्येंलाबी लई आवडायचं," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ ती काडतुसाच्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली.

"डाक्तर, येक इचारू? पस्तीस वर्सं इचारायचं हाय." तिचा आवाज कोरड्या पानासारखा झाला. "त्येंनी आवाज ऐकला आसंल का वो? मला रोज वाटतं, बार ऐकला आसंल, दचकलं आसतील, वळून बघितलं आसंल. मनात आलं आसंल, डाक्तर माज्यावर का मारत्यात म्हणून."

डॉक्टरांच्या ओठांची हालचाल झाली. शब्द मागाहून आले.

"नाही, वहिनी. ही गोळी आवाजाच्या पुढं पळते. ती पोचते, तेव्हा आवाज अजून वाटेतच असतो. त्यानं काही ऐकलं नाही. वळला नाही. त्याच्या मनात काही आलं नाही."

"चालत हुतं?"

"चालत होता. चालता चालताच."

ठकूबाईनं डोळा मिटला. पस्तीस वर्षं एक माणूस तिच्या मनात वळून बघत होता. भेदरलेला, विचारणारा, विश्वासघातानं पांढरा पडलेला. तो आता वळला नाही. धुक्यातून घोंगडी सावरत, दवानं भिजल्या पावलांनी, आपल्याच नादात चालत राहिला, आणि चालता चालता धुकंच झाला.

तिनं काडतूस परत दिलं. त्यांच्या कापणाऱ्या हाताकडे बघितलं. आणि मग, जणू आत्ताच उमगलं असावं तसं, फार हळू म्हणाली:

"मंग त्यो आवाज तुमी येकट्यानंच ऐकला म्हणायचा."

डॉक्टर मटकन खाली बसले. सतरंजीवर, रिकाम्या पुंगळ्यांत, लहान मुलासारखे. त्यांचे खांदे हलत होते. ज्या खांद्यांनी हजारो धक्के निमूट सोसले होते, ते या एका वाक्यानं निखळले. ठकूबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर टेकली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. केलं नाही, असंही म्हणाली नाही. 

पंधरा दिवस डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असं दवाखान्यात तिला बजावलं होतं. ऊन वर चढत होतं. डोळ्यावरची ती हिरवी पट्टी गडद होत गेली. आधी कडेला, मग मध्यावर, मग सगळीच.