एकीचं रक्त

थोरल्या जावेने या खेपेला डावी बाही वर सरकवली. उजव्या हातावरचा मघाचा कापूस तिने आधीच झाकला होता. रक्त घेणारी बाई गर्दीने मेटाकुटीला आलेली. ती चेहरे नव्हे, शिरा बघत होती. तिने नाव विचारलं. थोरलीने धाकटीचं नाव सांगितलं.

दोघींनाही सहावा महिना लागलेला. रक्त तपासल्याशिवाय दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घालत नव्हते आणि त्यात एड्सचीही तपासणी असते हे कळल्यापासून धाकटीची पाचावर धारण बसली होती. तिचा नवरा ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. थोरलीचा नवरा मात्र नाकासमोर चालणारा, घर आणि पिठाची गिरणी सोडून तिसरी वाट ठाऊक नसलेला. असल्या माणसाच्या घरात तो रोग कशाला शिरतोय? युक्ती थोरलीचीच. एकीचं रक्त दोघींना पुरेल, असं म्हणून ती हसलीही होती.

दुपारी समुपदेशक बाईंनी बोलावलं. एकेकीनेच आत यायचं होतं, पण धाकटी थोरलीचा हात सोडेना. दोघींची हरकत नाही ना, असं विचारून बाईंनी दार लावलं. दोघींच्याही रक्तात एचआयव्ही दिसतोय, खात्रीसाठी पुन्हा तपासू, वेळेवर औषध घेतलं तर बाळ बहुतेक निरोगीच जन्मतं, असं त्या सावकाश सांगत गेल्या.

धाकटीला हुंदका आला आणि मध्येच थांबला. तिने थोरलीच्या बाहीकडे पाहिलं. मग तिने मान खाली घातली.

थोरलीच्या पोटात बाळ हललं. तिला भयंकर भीती वाटली. गप्प राहिलं तर निदान आज घरी जाताना हा रोग असलेल्या आपण दोघी असू, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"बाई, दोन्ही रक्तं माझीच आहेत," ती म्हणाली. "हिचं अजून घेतलंच नाही. आता घ्या."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रक्त घेणारीला आत बोलावलं. ती सुई तयार करेपर्यंत त्यांनी धाकटीला समजावलं, की हात धरल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही.

"कळलं ना?"

"हो, कळलं," धाकटी म्हणाली. तिने एक हात सुईपुढे केला. दुसरा थोरलीच्या हातातून हळूच सोडवून घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला.