बर्चफील्डचा राऊटर

वाचनालयप्रमुख मिसेस हाल्व्हर्सनचं पत्र ऑर्विलने शब्दकोशात ठेवलं, त्याला तीन महिने झाले होते. उत्तर तेवढं लिहायचं राहिलं होतं. जिल्हा वाचनालयाच्या पाच शाखांचं नेटवर्क सांभाळणारा माणूस ॲरिझोनाच्या उन्हात निघून गेला होता. तुम्ही ते काम घ्याल का, एवढंच बाईंनी विचारलं होतं. सोबत कुठल्या राऊटरला कोणता नंबर, याचा तक्ता होता.

हो म्हणायची हिंमत नव्हती आणि नाही म्हणणं जिवावर आलं होतं. निवृत्तीनंतर ऑर्विलने राऊटरचा कोर्स केला होता. त्यात तो पहिला आला, ही त्याच्या मते परीक्षकांची चूक होती. म्हणून त्याने सरावाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तक्त्याबरहुकूम, पाचही शाखा पडद्यावर उभ्या केल्या. चित्रातले राऊटर, चित्रातल्या केबली. चुकलं की पुसायचं, पुन्हा मांडायचं.

"तीन महिने खोट्या गावांना इंटरनेट पुरवतोयस," थोरली बहीण व्हर्ना म्हणाली. "बरंय, तक्रारीला कुणी येत नाही."

त्या सकाळी त्याने पडद्यावरच्या बर्चफील्ड शाखेच्या राऊटरमध्ये दुरून शिरून एक नंबर बदलला. नेमका ज्या जोडणीवरून तो आत शिरला होता, तिचाच. झालं! आपण बाहेर आणि किल्ली आत. सवयीने तो राऊटरच्या चित्रावर टिचकी मारून थेट आत जाणार, तोच व्हर्नाने त्याचा हात धरला.

"खऱ्या कामात अशा टिचक्या मारतात?"

"नाही. गाडी काढून तिथे जावं लागतं."

"मग काढ."

"अगं, तो राऊटर खोटा आहे!"

"गाडी खरी आहे. चाळीस मैल बर्फातून गेलास की जन्मात विसरणार नाहीस. लॅपटॉप घे, ती निळी केबलही घे. चालवते मी."

बर्चफील्डच्या शाखेत ट्रूडी नावाची मुलगी टोपी घालून पुस्तकांच्या नोंदी हाताने करत होती.

"माझ्या कॉम्प्युटरात तुमचा राऊटर बंद पडलाय," ऑर्विल पुटपुटला.

"आमच्याकडे तो अकरा दिवस बंद आहे! वीज जाऊन परत आली, तेव्हापासून. मिसेस हाल्व्हर्सननी कुणा तज्ज्ञाला पत्र लिहिलंय म्हणे. मोठा शहाणा दिसतो. उत्तरसुद्धा देत नाही."

व्हर्ना खोकली. ऑर्विलचे कान लाल झाले.

त्याने निळ्या केबलने लॅपटॉप राऊटरला जोडला. आत काहीच नव्हतं, कोरी पाटी. ॲरिझोनावाल्याने सगळी मांडणी केली होती, पण जतन करायची तेवढी विसरला होता. वीज गेली तशी तीही गेली. तक्ता घरी शब्दकोशात राहिला होता. ऑर्विलने डोळे मिटले. तो तक्ता त्याने निदान शंभरदा मांडून पुसला होता. तो टाइप करू लागला, आणि एकेक नंबर बरोबर येत गेला. दिवे हिरवे झाले. त्याने मांडणी जतन केली. मग न राहवून पुन्हा एकदा केली.

"चालू झालं!" ट्रूडी ओरडली. "तुम्ही कोण?"

"मोठा शहाणा," व्हर्ना म्हणाली. "आता फोन करून बाईंना सांग, ऑर्विल."

"पत्राला पत्रच पाठवायचं."

ट्रूडीने कागद, पाकीट आणि तिकीट दिलं. त्याने लिहिलं: "होय. बर्चफील्ड सुरू आहे. उशिराबद्दल क्षमा." मग 'होय'च्या पुढे 'बहुधा' घालायला त्याने पेन उचललं. व्हर्नाने कागद ओढून पाकिटात घातला, चिकटवला आणि त्याच्या हातात दिला.

बाहेर कोपऱ्यावर निळी टपालपेटी होती. ऑर्विलने झाकण उघडून पत्र आत टाकलं, आणि ते खाली पडलं का हे बघायला झाकण पुन्हा उघडलं. पडलं होतं.